पुतळ्याला विचारलेला प्रश्न

लॅमिनेशनच्या रांगेत पुढे दोन बसड्रायव्हर बोलत होते आणि मागची शिक्षिका स्वतःचाच दाखला चौथ्यांदा वाचायचं सोंग करत होती.

“कसलं रे हे सर्टिफिकेट?”

“मन खचलेल्या माणसाला सावरायचं. डेपोत दोन दिवस ट्रेनिंग होतं.”

“आणि सराव कुणावर केलात?”

“रबरी पुतळ्यावर. प्रथमोपचारात ज्याची छाती दाबायला शिकवतात, तोच. शेजारी बसायचं आणि सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का?”

“मग काय म्हणाला तो?”

“गप्प. मी वाट बघत बसलो. सर म्हणाले, सगळ्यांत शांतपणे तूच ऐकलंस. पहिला नंबर दिला.”

“धन्य आहेस. मग धाकट्या भावाला विचारलंस का? महिनाभर खोलीबाहेर येत नाही म्हणतोस.”

“नाही.”

“का रे? एवढा शिकलास की.”

“तो उत्तर देईल ना.”