भागोजीने मागितलेले किडे

मंडळी, एक सांगा — जीव केवढा असला म्हणजे त्याला मारताना आपला हात थांबतो? गाय असली तर थांबतो. मांजर असली तरी थांबतो, पण तो पापाच्या भीतीने! मुंगीला आपण साखर घालतो. आणि मुंगीहून लहान असला तर? सुईच्या टोकाएवढा? बघा, पुढच्या ओळीतले आजोबा डास मारायचे थांबले!

तर ऐका. कोकणात कातळावर भगवतीचं देऊळ, पुढ्यात तळी. देवीला स्नान तळीच्याच पाण्याने, आणि ते आणायचा मान भागोजी गुरवाच्या घराण्याचा. मोठा सोवळ्याचा माणूस हो! जत्रेला एक शहरी पाहुणे आले, त्यांनी कलशात डोकावून विचारलं, यात काहीतरी वळवळतंय का? भागोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण देवीच्या अंगावर किडे ओततो? दुसऱ्याच दिवशी त्याने ब्लीचिंग पावडरचं अख्खं पोतं तळीत रिकामं केलं.

पाणी कसं झालं? आरसा! सगळा गाव वाहवा करून गेला.

पुढच्या महिन्यात तळी हिरवी पडली. अळूचं फतफतं बघा, तशी! वास सुटला. भागोजी रोज शेवाळ काढी, ते रोज येई. शेवटी पंचांनी ठरवलं, देवीला आता नळाचं पाणी घालू. त्याला कुणी बोललं नाही, पण सकाळी रिकामा कलश घेऊन पायरीवर उभा राहिला तेव्हा रडला तो.

कातळावरच्या पाण्याचा अभ्यास करणारी मृण्मयी नाईक म्हणून एक मुलगी होती. तिने शेजारगावच्या तळीतला एक थेंब त्याला सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दाखवला. इवलासा जीव, एकच डोळा, पाठीत अंडी.

"काका, ही शेवाळ चरणारी गुरं. तुमच्या तळीतली मेली. आता चरणार कोण?"

भागोजी यंत्रावरून डोळा काढेना. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ही लेकुरवाळी होती?"

आता शेजारगावाशी यांचं वैर! पालखी आधी कुणाची, यावरून दोन पिढ्या बोलणं बंद. देव एकमेकांशी बोलतात हो, भांडतात ते गुरव! तरी पावडरीचा असर उतरल्यावर भागोजी गेला. मान खाली घालून न गाळलेलं पाणी मागितलं. तिथला गुरव बघतच राहिला.

"सगळे गाळून नेतत. तू पयलोच रे, किडे मागूक इलेलो."

पण हसला नाही. स्वतः पाण्यात उतरून कलश भरून दिला.

भागोजी कलश डोक्यावर घेऊन अनवाणी कातळ तुडवत निघाला. वाटेत एका म्हातारीने हात जोडून विचारलं, खयचो देव हाडतंस — कुठला देव आणतोस रे?

"देव न्हय गे आये. ज्यांका मी मारलंय ना, त्यांचे सोयरे."

मंडळी, ते पाणी त्याने आपल्या तळीत सोडलं आणि तळी सावकाश निवळली. मानही परत मिळाला. पण भागोजी म्हणायचा, मान मिळाला, गेलेले जीव नाही मिळाले.

पिण्याचं पाणी उकळा, घागरीत औषध घाला, मी नाही म्हणत नाही. पण अख्ख्या तळ्याचा जीव घ्यायचा अधिकार कुणी दिला? न दिसणाऱ्या देवाला आपण दोन्ही हात जोडतो, आणि न दिसणाऱ्या जिवांवर त्याच हातांनी पोतं ओततो! चला, टाळी वाजवून भगवतीचं नाव घ्या — आणि घेताना एकदा आपल्या हातांकडे बघा.