उलट दिशेने समर्थ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पाटण पंचायत समितीचे सभापती माननीय आप्पासाहेब. साताऱ्याहून आलेले प्रमुख पाहुणे, जिल्ह्याच्या वाहनांचे निवृत्त तपासनीस माननीय राजाराम थोरातसाहेब. म्हसवडहून तीन एस्ट्या बदलून आलेले आणि पहिल्या रांगेत फेटा सांभाळत बसलेले आदरणीय नाथाजीआबा. आजचे सत्कारमूर्ती, आरोग्य जीपचे ड्रायव्हर लालासाहेब. आणि इथे जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी नर्स राहीबाई रणपिसे. आपण मला लस टोचताना ऐकलेलं आहे, भाषण करताना नाही. तेव्हा आज सुई हातात नसल्यामुळे माझा आवाज थोडा कापला, तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी चार वक्ते बोलून गेले. सगळ्यांनी सांगितलं, की लालाभाऊंनी अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, आधी पलटणीत, मग आपल्याकडे. खरं आहे. पण गाडी कोणत्या दिशेने चालवली, हे एकानेही सांगितलं नाही! सभ्य माणसं आहेत. ते काम माझ्यावर आलं.

मघाशी फोटोवाले त्यांना तीनदा म्हणाले, "लालासाहेब, मान सरळ ठेवा." कशी सरळ राहणार? आपल्या लक्षात आलं असेल, आत्तासुद्धा ते अध्यक्षांकडे बघतायत. ते आदराने नव्हे. ती मान तशीच असते. डाव्या बाजूला चाक असलेली मिलिटरीची जुनी जीप सहा वर्षं उलटी चालवली, की माणसाची मान उजवीकडे राहायला जाते.

नवीन मंडळींसाठी सांगते. त्रेसष्ट साली आपल्या जीपचा पेट्रोलचा पंप गेला. पंपासाठी अर्ज वर गेला. अर्ज वरच राहिला. गाडी उभी राहिली. मग लालाभाऊंनी काय केलं? पेट्रोलचा डबा गाडीच्या मागे उंचावर बांधला आणि नळीने पेट्रोल इंजिनाला सोडलं. वरचं पेट्रोल खाली जातं, त्याला पंप कशाला? सपाटीवर गाडी झकास चालली. पण चढ आला, की गाडीचं नाक वर, डबा खाली. पेट्रोल काही चढेना. आणि पाटण तालुक्यात चढ नाही असा रस्ता मला कुणीतरी दाखवावा. तेव्हा चढ आला की लालाभाऊ गाडी फिरवायचे आणि उलटी चढवायचे. मग डबा वर, नाक खाली, पेट्रोल खळखळा. उतरताना गाडी सरळ, कारण तेव्हाही डबा वरच. वाडीत गाडी वळवायला जागा नसते, तीही अडचण आपोआप मिटली.

आता थोरातसाहेब समोर आहेत, तर एक कबुली देऊन टाकते. ती नळी दवाखान्याची होती. एनिम्याची. पेट्रोलने रबर फुगायचं आणि दर दोन महिन्यांनी नळी बदलावी लागायची. मी रजिस्टरला लिहायची, 'वापरात फाटली'. साहेब, एका वर्षात सहा. लोक काय म्हणत असतील या तालुक्याच्या पोटाला!

मी बसायची मागे, लशीची पेटी मांडीवर घेऊन. त्यामुळे प्रत्येक वाडीत ड्रायव्हरच्या आधी मी पोचायची. वाडीतल्या म्हाताऱ्या भाकरतुकडा ओवाळायला यायच्या त्या गाडीच्या मागच्या बाजूला, आणि लालाभाऊ पलीकडे एकटे, ओवाळून टाकायच्या लायकीचेसुद्धा नाहीत असे बसलेले असायचे.

असं वर्षभर चाललं. मग चौसष्ट साली थोरातसाहेब तपासणीला आले.

साहेब, रागावू नका. तुम्ही त्या दिवशी नियमाने वागलात. तुम्ही म्हणालात, "समोरचा चढ चढवून दाखवा." गाडी तीनदा निम्म्यात बंद पडली. लालाभाऊ म्हणाले, "साहेब, उलटी घिऊन दावतो." तुम्ही म्हणालात, "सरकारी वाहन उलटं चालवण्याची तरतूद नाही." आणि कागदावर लिहिलंत, 'वाहन चढ चढण्यास असमर्थ. लिलावात काढावे.'

ही हसण्यासारखी गोष्ट नव्हती. गाडी गेली असती, तर लालाभाऊंना ऑफिसात शिपाई करणार होते. ते दोन दिवस नुसती गाडी पुसत होते. आणि मी? त्याच पावसाळ्यात, गाडी चिखलात अडकली होती म्हणून, मी चार कोस चालत वरच्या एका वाडीत गेले होते. मी पोचले तेव्हा बाळंतीण होती, बाळ नव्हतं. तिने मला विचारलं, "बाई, उशीर का केलासा?" तो प्रश्न अजून माझ्यापाशी आहे. गाडी लिलावात जाणं म्हणजे तो प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकणं, एवढं मला कळत होतं.

लिलावाआधी गाडीला एकच काम उरलं होतं. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा. कॉलऱ्याची लस टोचायला जिल्ह्यातून माणसं पाठवली होती, त्यात आम्हीही होतो. थोरातसाहेब यात्रेच्या वाहनांची व्यवस्था बघायला आले होते. म्हणजे आमची गाडी आणि तिचा काळ, दोघंही एकाच यात्रेत.

त्या वर्षी यात्रा कमिटीने एक नवीन खूळ काढलं होतं. बैलगाड्यांच्या शर्यती दरवर्षीच्या. यंदा मोटारींची शर्यत! माणगंगेच्या वाळूतून निघायचं, पलीकडची दरड चढायची, आणि वर फक्कीची पांढरी रेघ मारलेली, तिच्या पार जायचं. पंच कोण? नाथाजीआबा. चाळीस वर्षं बैलांच्या शर्यतीचे पंच. मोटारीत आयुष्यात बसलेले नव्हते, पण शर्यत म्हणजे शर्यत, नियम तेच!

आणि काय एकेक जनावर आलं होतं म्हणता! एका बागाईतदाराचा कोरा ट्रॅक्टर, शिंगांना लावावेत तसे गोंडे लावलेला. सांगलीच्या भाऊसोंनी बिनटपाची, बिनबॉडीची लॉरी आणली होती. नुसता सांगाडा, त्यावर बसायला सुंभाची बाज बांधलेली. एक फटफटी, तिच्या बाजूच्या पाळण्यात वजनाला म्हणून एक जिवंत बोकड. नाथाजीआबांनी प्रत्येक गाडीच्या पुढच्या भागाला गुलाल लावला, चाकांवर पाणी घातलं आणि फटफटीवाल्याला विचारलं, "गड्या, ह्यातलं पळणार कोण?"

लालाभाऊ गर्दीत उभे होते. मला म्हणाले, "बाई, साहेब वर दरडीवरच बसल्यात. हितं चढून दावली तर बघावंच लागंल की त्यास्नी."

मी म्हणाले, "लालाभाऊ, आपण सरकारी ड्युटीवर आहोत."

"लस टोचून झाली न्हवं? मग डबा धरा. वाळूत आदळला तर दोर तुटंल."

अशी मी शर्यतीत उतरले. मांडीवर पेट्रोलचा डबा आणि डोक्यावर पांढरी टोपी.

आणि लालाभाऊंनी सगळ्यांसमोर काय करावं? खाली उतरले आणि चारी चाकांतली निम्मी हवा सोडली. लोक ओरडले, "ड्रायव्हर येडा झाला!" ते शांतपणे म्हणाले, "आफ्रिकेच्या वाळूत आमी आसंच करत हुतो." मग गाडी वळवली, शेपूट दरडीकडे केलं आणि आत बसून मान मागे फिरवली.

निशाण पडलं. ट्रॅक्टर पन्नास पावलांवर वाळूत रुतला आणि जितका जोर लावेल तितका खाली जायला लागला. भाऊसोंची लॉरी धावली, पण भाऊसो बाजेसकट मागे राहिले. फटफटी बरी चालली होती, तोवर बोकडाने उडी मारली आणि फटफटी त्याच्यामागे गेली. आमची गाडी मात्र बसकी चाकं पसरून, म्हैस डोहातून निघावी तशी, निवांत चालली होती. लालाभाऊंचं तोंड माझ्याकडे, माझं दरडीकडे. मी ओरडतेय, "डावं! डावं! आता उजवं!" दरड आली. सहा हात उभी. डब्यातलं पेट्रोल खळखळलं, इंजिन गुरगुरलं, आणि आम्ही वर! पांढऱ्या रेघेच्या पार! आधी मी, मग डबा, मग लालाभाऊ, आणि सगळ्यांत शेवटी गाडीचं नाक.

लोकांनी टोप्या उडवल्या. आणि नाथाजीआबांनी हात वर केला.

"बाद!"

आबा, आज तुम्ही हसताय. त्या दिवशी तुम्ही हसत नव्हता. आबा म्हणाले, "आमच्या शर्यतीत जनावराचं त्वांड आदी रेघंपार जाया लागतं. शेपूट आदी आलं तर जनावर बाद. चाळीस वर्सं ह्योच नियम हाय."

वर खुर्चीत थोरातसाहेब उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं. बैलाच्या नियमाने बाद आणि सरकारच्या नियमानेही बाद.

लालाभाऊ गाडीतून उतरले. या माणसाला मी सहा वर्षांत एका दमात पंधरा शब्दांपेक्षा जास्त बोलताना ऐकलेलं नाही. त्या दिवशी ते बोलले.

"आबा, जनावर वैरण खातं ते तोंडानं का शेपटीनं?"

"ह्ये काय इचारनं झालं? तोंडानं."

"मग ह्या गाडीची वैरण पेट्रोल. त्ये हाय डब्यात. डबा हाय बाईंच्या मांडीवर. आता तुमीच सांगा, गाडीचं त्वांड कंच्या अंगाला?"

नाथाजीआबा गाडीभोवती एक फेरी फिरले. बाजारात बैल बघावा तसे. डब्याला हात लावून बघितला, नळीचा वास घेतला. नळी कशाची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते बरंच झालं. पुढच्या दिव्यांकडे बघून मान हलवली. आणि मग मोठ्याने म्हणाले, "व्हय. त्वांड हिकडंच हाय. गाडी जितली!"

पण माझ्यासाठी शर्यत अजून संपलेली नव्हती.

तिथली रीत अशी, की जिंकलेल्या गाडीवानाला पंचांनी आपल्या तांब्यातलं गूळपाणी द्यायचं. आबा तांब्या घेऊन आले. माझ्यासमोर थांबले. विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?" मी सांगितलं, "रणपिशांची. आम्ही बौद्ध आहोत." घरच्यांनी दीक्षा घेतल्याला आठ वर्षं झाली होती, आणि मी ते नेहमी असंच, लपवाछपवी न करता सांगते. आबांचा हात तांब्यासकट तसाच राहिला. गर्दीतल्या एकाने तर लालाभाऊंकडे बोट दाखवलं, "आबा, ड्रायव्हर तकडं हायती."

लालाभाऊ जागचे हलले नाहीत. म्हणाले, "नियम तुमीच सांगितला, आबा. रेघंपार आदी कोन गेलं? बाई. पानी आदी बाईंस्नी. मी मागनं आलोय, मी मागनं पितो."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग तांब्या माझ्या हातात दिला. वरून पाणी ओतलं नाही, तांब्या हातात दिला. मी प्यायले, आणि त्याच तांब्यातून लालाभाऊ प्यायले, आणि मग आबाही प्यायले. आबा, मी त्या दिवशी तुम्हाला काही बोलले नाही. आज बोलते. तुमचे आभार.

आणि थोरातसाहेब खाली आले. त्यांनी खिशातून पेन काढलं. आपल्याला वाटेल साहेबांनी जुना शेरा खोडला. छे! सरकारी शेरा कधी खोडत नाहीत. त्यांनी 'वाहन चढ चढण्यास असमर्थ' तसंच ठेवलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'उलट दिशेने समर्थ. सेवेत ठेवावे.' सही, तारीख. साहेब, मोठमोठे ग्रंथ लिहिणारे असतात. मला मात्र तुमच्या त्या दोन वाक्यांएवढं दुसरं लिखाण आवडलेलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी भूकंप झाला. त्याबद्दल या हॉलमध्ये मी वेगळं काय सांगू? प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्यात आहे. एवढंच सांगते, की त्या चार दिवसांत ज्या अरुंद वाटांवर गाड्या वळायला जागा नव्हती, तिथे आपली ही 'असमर्थ' गाडी उलटी चढत होती आणि माणसं घेऊन सरळ उतरत होती. लालाभाऊंनी चार दिवस मान सरळ केली नाही. त्या मानेची मी मघाशी थट्टा केली. ती करण्याचा अधिकार मला आहे, कारण ती मान कशासाठी वाकडी झाली हे मी समोर बसून बघितलेलं आहे.

आता एक आनंदाची बातमी. त्रेसष्ट साली मागितलेला पेट्रोलचा पंप गेल्या सोमवारी आला! सहा वर्षांनी का होईना, आला. परवा तो बसवला. आता आपली जीप चढावर सरळ जाते. नवीन ड्रायव्हर सोपान चांगला आहे, त्याची मानही सरळ आहे. फक्त तो गाडी चालवताना माझ्याशी बोलत नाही, कारण त्याची पाठ माझ्याकडे असते. इतकी वर्षं ड्रायव्हरशी समोरासमोर बोलायची सवय लागली, ती आता मोडावी लागेल. लालाभाऊ, ती मोडताना मला जड जाणार आहे. हे मी थट्टेत बोलत नाही.

उद्या सकाळी लालाभाऊ आपल्या मुलाकडे, सांगलीला विश्रामबागेत राहायला निघतील. कराड स्टेशनपर्यंत जीप त्यांना सोडणार आहे, आणि सोपानने मोठ्या मनाने चाक त्यांच्या हाती द्यायचं कबूल केलं आहे.

अध्यक्षमहाराज, आपण मला पाच मिनिटं दिली होती, मी ती केव्हाच ओलांडली. आपले, पाहुण्यांचे आणि हे सगळं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. थट्टेत कुणाचं मन दुखावलं असेल, तर बहीण समजून पदरात घ्या. नळ्यांचा हिशेब मात्र साहेबांनी माफ करावा.

आणि लालाभाऊ, शेवटची एक विनंती. पंप आलाय, आता गरज नाही, हे मला माहीत आहे. तरी उद्या या अंगणातून निघताना गाडी उलटीच घ्या. पुलाच्या वळणापर्यंत. मागे मी बसते, डावं-उजवं मी सांगते. तुम्ही मान मागे वळवू नका. गाडीचं नाक इकडेच असेल आणि हे सगळे इथे उभे असतील, ते दिसेनासे होईपर्यंत नीट बघून घ्या.