बाईंचा नमस्कार

मंडळी, सांगा बघू, शिकवणं अवघड की शिकायला बसणं? हसू नका! जन्मभर मी कीर्तनात उभा राहून बोलतो. खाली बसून ऐकायचं म्हटलं की मलाही जड जातं.

आज पुराणातली कथा नाही. माझ्या बायकोची आहे. कुमुदिनी. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. माघात गेली. मागे कुजबुजणारे तिचेच विद्यार्थी दिसताहेत – बाई असत्या तर उभं केलं असतं!

पन्नाशी उलटल्यावर तिने ठरवलं, पीएच.डी. करायची. विषय काय, तर आपल्या सड्यावरची, त्या कातळावरची गवतं! मी म्हटलं, गवत कुठे पळून जातंय? म्हणाली, "गवत राहील हो. वय पळतंय."

प्रवेश परीक्षा पास झाली. पण मार्गदर्शक मिळेना. एकाने तिचं वय काढलं, दुसऱ्याने स्वतःची निवृत्ती. उरला एकच – विश्राम सामंत. तिचाच विद्यार्थी! तो नाही म्हणाला की संपलं.

मुलाखतीला मी बाहेर बाकावर. दार उघडंच. ती आत गेली आणि विश्राम खुर्ची सोडून उभा राहिला. म्हणाला, बाई, तुम्हाला मी काय शिकवणार? मला लाज वाटते, दुसरं कुणी पाहा. आदरानेच नाकारलं बघा!

ती म्हणाली, "विश्राम, आमचे हे कीर्तनाला उभे राहिले की माझे सासरे त्यांच्या पाया पडायचे. सख्खा बाप. तो नमस्कार मुलाला नसतो, नारदाच्या गादीला असतो. बस त्या खुर्चीवर."

तो बसला. ती वाकली.

"सर, आता प्रश्न विचारा."

त्याने डोळे पुसले आणि असे अवघड प्रश्न विचारले म्हणून सांगू! बाहेर आली ती हसतच. "काही आलेच नाहीत हो. घेतलं त्याने मला."

ती गेली आणि प्रबंध अर्धा राहिला. लोक विचारतात, मिळालं काय? अहो, ती सड्यावरून यायची, पदराला कुसळं. मी चहा ठेवायचो, मग कुसळं वेचायचो. आज सर रागावले, आज सर खूश – सांगत बसायची. इतकी आनंदात मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

परवा मी विश्रामकडे गेलो. म्हटलं, सर, तिच्या गवतांची नावं मला शिकवा. चारच येतात अजून.

तुमचं काय? सून, नातू, कालचा पोरगा – कुणापुढे बसायचं राहिलंय? नाव आलं ना मनात? मग बसा, मंडळी. देव तिथेच ऐकत बसलेला असतो.