अकरा महिन्यांचा कागद

…आता तुम्हीच सांगा, यात माह्यं काय चुकलं? म्या तं फक्त विचारलं. चंद्रपुरात विचाराले बी बंदी हाये का?

अठरा वर्सं झाली, गुणवंतरावच्या घरी खाली भाड्यानं राहून राह्यली मी. वरत मालक, बाजूच्या खोलीत दीपिका. अहेरीकडची पोरगी, दवाखान्यात नर्स हाये. परवा मी काही पाहाले गेली नोती, दार उघडं होतं म्हणून दिसलं… पोरगी पेटी भरून राह्यली अन् रडून राह्यली. म्या तं फक्त विचारलं, काऊन वो बाई? तं म्हणते, "मावशी, आईनं गावावरून मोहफुलं पाठवली, गच्चीवर वाळू घातली, तं मालक म्हणते वास येते, रविवारपर्यंत खोली खाली कर, नाई तं नळ बंद."

आता मोहफुलाले मोहाचा वास नाई येईन तं का अगरबत्तीचा येईन?

कचेरीसमोर झाडाखाली दिनेशभाऊ टायपिंग करते, अर्ध्या शहराचे भाड्याचे कागद त्याच्याच हातचे. गेली मी. म्या तं फक्त विचारलं. तं तो चष्म्यावरून पाहून म्हणते, "बाई, मालकाले असं पाणी तोडता येत नाई. करार लिहून नोंदवणं बी मालकाचंच काम. अन् कागद नसन, तं काय ठरलं होतं ते भाडेकरू सांगन तेच खरं धरते, मालकानं उलटं साबित करेपर्यंत."

बस, तिथूनच सीधं घरी याचं ना? पण हे तोंड… गेली वरत. गुणवंतराव सुपारी कातरत बसले होते. तो माणूस कधी वरडत नाई हो. वरडला असता तं एवढं भेव नसतं वाटलं. सगळं आयकलं अन् म्हणते, "बराबर हाये, गिरजाबाई. कायद्यानंच चालू. नळ राहू द्या, पोरीचा कागद करून देतो." मी खूश. जिना उतरून राह्यली, तं मागून आवाज, तुपासारखा मऊ… "अन् गिरजाबाई, तुमचा बी तं कागद नाई ना?"

एक चप्पल जिन्यावरच राह्यली माही.

आता हा पाहा, मालकानं धाडलेला माह्या नावचा कागद. अकरा महिने. अठरा वर्साचे अकरा महिने केले त्यानं, अन् बाराव्यात खोली खाली करून देणे. सोमवारी सही घ्याले येते. ह्या खोलीत माही पोरगी दिव्यानी चालाले शिकली, ह्याच खोलीतून तिच्या बापाची तिरडी निघाली, मी कुठी जाऊ? सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली, तं मालक आले समजून म्या कागद कणकीच्या डब्यात लपवला.

दीपिका म्हणते, "मावशी, सही करू नका. कागद नाई तं तुमचंच म्हणणं पह्यले. वरत जाऊन सांगा ना त्याइले."

बराबर हाये पोरीचं. पण सांगन कोण? मले तं वरून सुपारी कातरल्याचा आवाज आला तरी घाम फुटते. मनातल्या मनात सारी गल्ली धुंडाळली म्या… दुसऱ्याच्या भानगडीत न बोलावता पडणारं एखादं माणूस पाह्यजे होतं. तसं एकच निघालं. अन् ते इथी डब्यापाशी बसून हाये, कागदाची कणीक झटकत.