बोथट सुरी

हुमलाल: मामा, पडली ठिणगी?

मामा: तुला दिसली का? वीस वेळा हाणली असेल. गारगोटी चांगली आहे, झुलोचा कापूस छातीशी धरून कोरडा ठेवलाय, नुसता पेट घ्यायचा बाकी. ही चकमकीची सुरीच मेलीय. तू पाय हलवत राहा.

हुमलाल: हलवतोय... बहुतेक. गुडघ्याखाली कळतच नाही काही.

मामा: बर्फातला ओढा ओलांडताना डोळे कुठं होते? आणि तुझा तो कतारचा लायटर?

हुमलाल: खिशात होता. भिजला.

मामा: वा, जावईबापू! थांब, ही सुरी उजेडात बघू दे. हिला धार कुणी लावली?

हुमलाल: कुठल्या सुरीला?

मामा: हुमे, खुकुरीच्या म्यानातल्या या सुरीला धार कुणी लावली?

हुमलाल: मीच. परवा बाजारात, मशीनवर. म्यानातल्या दोन्ही छोट्या सुऱ्या नेल्या होत्या. ही तर अगदीच बोथट होती. म्हटलं, तुमचा राग तरी जाईल.

मामा: अरे, ती बोथटच असते! विस्तव पाडायला असते! बघ, निळी पडलीय. मशीनवर तापून पोलादाचं पाणी उतरलं दोन्हींचं, आता ठिणगी कुठली! माझी लेक न विचारता नेलीस, आता हेही न विचारता!

हुमलाल: विचारलं असतं तर दिली असती?

मामा: भाच्याला नाही म्हणतं का कोणी?

हुमलाल: म्हणून दशैंच्या सणाला माझ्या पाया पडला नाहीत. सगळे मामा पडतात भाच्याच्या... मामा, झोप येतेय.

मामा: झोपायचं नाही! खुकुरीही नेली होतीस मशीनवर?

हुमलाल: नाही. आजोबांची ती. धीर झाला नाही.

मामा: वाचलास.

हुमलाल: तिच्या पाठीनं पडेल ठिणगी?

मामा: पाठ मऊ असते. कडक असते ती धार.

हुमलाल: धार दगडावर? नको मामा! दशैंला एका घावात बोकड तोडता तुम्ही. सगळं गाव बघायला येतं.

मामा: गप्प बस. नको, बोलत राहा. माझ्या लेकीचं, मनसरीचं नाव घे.

हुमलाल: मनसरी... मनसरी... मन...

(गारगोटीवर पातं आपटल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा.)

मामा: धरली! हुमे, डोळे उघड! ती वाळकी काटकी सरकव इकडं. हळू, वारा लागू देऊ नकोस.

हुमलाल: मामा, धारेला तीन खाचा पडल्या.

मामा: चार आहेत.

हुमलाल: गावाला काय सांगणार?

मामा: सांगेन, जावयानं धार लावून आणली. आण ते पाय इकडं, पोटाशी धरतो. दशैंचं राहिलंय माझं.