विमान कोणाच्या हाती होते

मी, वय सत्तावन्न, व्यवसाय खासगी विमान कंपनीत वैमानिकांचा प्रशिक्षक, राहणार धावपट्टीमागची कर्मचारी वसाहत, आज ठाण्यात आपण होऊन आलो असून समक्ष सांगतो की,

माझी धाकटी बहीण माझ्यासोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वय सव्वीस, आमच्याच कंपनीत सहवैमानिक असून परवा संध्याकाळपासून बेपत्ता आहे. अंगात गणवेशाचा पांढरा शर्ट, खांद्यावरच्या पट्ट्या काढलेल्या, पायांत घरातल्या चपला. कंपनीत त्याला सगळे ‘तयार’ म्हणतात. घरात कोणाशी भांडण झालेले नाही.

ठाणे अंमलदारांचे म्हणणे पडले की मुलगा जाणता आहे, येईल दोन दिवसांत, एवढी घाई कशाला. घाई का, हे समजण्यासाठी आमच्या कामाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. ती मी क्रमाने सांगतो.

विमानात दोन वैमानिक शेजारी बसतात. दोघांपुढे विमान चालवण्याची सोय सारखीच असते. परंतु एका वेळी विमान एकाच्याच हाती असावे लागते. दोघांनी धरले तर ओढाताण होते, आणि कोणीच धरले नाही तर काय होते ते सांगायला नको. म्हणून सोडणारा म्हणतो, ‘विमान तुझ्या हाती.’ घेणारा म्हणतो, ‘विमान माझ्या हाती.’ हे उत्तर कानावर पडल्याखेरीज सोडणाऱ्याने हात काढायचा नाही. हे मी अंमलदारांना त्यांच्याच पेनाने करून दाखविले. त्यांनी उत्तर न देताच पेन ओढून घेतले. नवे विद्यार्थी नेमकी हीच चूक करतात, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. इतकी साधी आणि इतकी सुंदर व्यवस्था दुसऱ्या कोणत्या धंद्यात असेल असे मला वाटत नाही. भाच्याकडून तर मी ती जेवणाच्या टेबलावर घोटून घेतली आहे. मिठाची बरणी सरकवताना मी ‘तुझ्या हाती’ म्हणायचो, तो ताटातून मान वर न करता ‘माझ्या हाती’ म्हणायचा. तुम्ही मामा-भाचे एक दिवस वेडे होणार, असे बहीण हसून म्हणायची.

या ठिकाणी बहीण दारात येऊन म्हणाली, “दादा, विमान नंतर शिकव. आधी पोराचं लिहून घ्यायला सांग.” म्हणून पुढील हकीकत सांगतो.

आमच्याकडे एक जागा निघाली तर उमेदवारांची रांग फाटकाबाहेर जाते. भरतीप्रमुख बाई मुलाखतीत विमानाविषयी थोडेच विचारतात. मुख्य प्रश्न असतो, केव्हाही बोलावले तर? भाच्याने एका शब्दात उत्तर दिले आणि तेच त्याचे नाव पडले. नेमणूक झाल्यावर त्याला राखीव खोलीत बसविले. राखीव म्हणजे गणवेश घालून, बुटांच्या नाड्या बांधून, फोन हातात धरून खुर्चीत बसायचे, आणि कोणी वैमानिक आला नाही तर त्याच्या जागी निघायचे. आडवे होण्यास मनाई आहे, शर्ट चुरगळतो. हा सर्व वेळ कंपनी विश्रांती म्हणून धरते. उड्डाणापूर्वी ड्युटी अधिकारी एवढेच विचारतो, “फिट?” जो नाही म्हणतो त्याला कोणी रागावत नाही. फक्त पुढे त्याला बोलावणे येत नाही.

गेल्या सोमवारी भाचा पहाटेपासून राखीव खोलीत होता. दुपारी त्याला एका ज्येष्ठ कॅप्टनबरोबर पाठविले. कॅप्टनच्याही झोपेचे आठवडाभर खोबरे झाले होते. विमान वर जाऊन स्थिर झाल्यावर कॅप्टन म्हणाले, विमान तुझ्या हाती. उत्तर आले, विमान माझ्या हाती. कॅप्टननी डोळे मिटले. त्यानंतर जमिनीवरून वारंवार हाका मारल्या गेल्या, कोणी ओ दिली नाही. उतरायचे शहर मागे पडले. अजून किती वेळ, अशी एका प्रवासी आजींनी चौकशी केली, तेव्हा हवाई सेविकेने आत डोकावले. दोघेही झोपलेले होते. विमान यंत्राच्या भरवशावर सरळ चालले होते. तिने कॅप्टनना हलवून उठविले. विमान सुखरूप उतरले. कोणाला खरचटलेही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत कॉकपिटमधले रेकॉर्डिंग ऐकविले. प्रशिक्षक म्हणून मलाही बसविले होते. भाच्याचे उत्तर स्वच्छ आणि ठाम आहे, मी शिकविले तसेच. उत्तराच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो, लांब आणि संथ. उत्तरानंतरही तो तसाच चालू राहतो. भरतीप्रमुख बाई म्हणाल्या की उत्तर दिले म्हणजे विमान त्याच्या हाती होते, उद्यापासून येऊ नये. आमच्या नियमाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्या वेळी तुम्ही काही बोललात का, असे अंमलदारांनी आत्ता विचारले. मी तिथे काही बोललो नाही.

जिन्यात भाच्याने मला विचारले, “मामा, मी खरंच बोललो?”

मी हो म्हणालो.

“मला आठवत नाही. मग आत्ता तरी मी जागा आहे ना?”

मी त्याला पाणी दिले व घरी जाऊन झोप म्हटले. झोपायची भीती वाटते, असे तो म्हणाला. बरा आहेस ना, असे मी विचारले. “बरा आहे,” असे त्याने तत्काळ, ठाम आवाजात सांगितले. त्यावर माझे समाधान झाले आणि मी वर्गावर गेलो.

संध्याकाळी तो खोलीत नव्हता. फोन गादीवर होता. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. मी मित्रांच्या खोल्या, हँगरची मागची बाजू, सरावाचे नकली कॉकपिट, सर्व पाहिले. कुंपणापलीकडच्या कालव्याचे दोन्ही काठही पाहिले. हे बहिणीला सांगितलेले नाही.

माझी विनंती अशी की, तो ज्या कोणा शिपायास सापडेल त्याने बरा आहेस का, एवढे विचारून त्यास जाऊ देऊ नये. तो हो म्हणेल. जागा असला तरी म्हणेल, नसला तरी म्हणेल. आधी त्याचा हात धरावा. उत्तर आले तरी सोडू नये.

हा जबाब मला वाचून दाखविण्यात आला. बरोबर आहे का, असे विचारताच माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेले. म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून वाचण्यास सांगितले. या खेपेस मी लक्ष देऊन ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.