अहवालातलं शून्य

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे संचालक, आपलं कापड घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे, आज निवृत्त होणारे पर्यावरण व्यवस्थापक साहेब, आणि रंगखात्यातल्या व प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. एकवीस वर्षं मी सांडपाण्याचे नमुने तपासते, त्याला बोलावं लागत नाही. साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगितलं आहे. बोलते. साहेब वक्तशीर. त्यांनी कधी कुणाला अरेतुरे केलं नाही.

कंपनीचं पर्यावरण धोरण साहेबांच्या काळात छापून आलं. कशामुळे? पाणी स्वच्छ सोडलं नाही तर माल घेणार नाही, असं पाहुण्यांनी बजावलं म्हणून. तेव्हापासून आपल्याकडे पद्धतच पडली. पाहणीच्या आठवड्यात गाळाची टाकी उपसायची, कठडे रंगवायचे. एरवी टाकीकडे कोण बघतं?

माझा धाकटा भाऊ बघायचा. तुम्ही त्याला 'टाकीदादा' म्हणायचात. गेल्या वर्षी पाहणीच्या आदल्या दिवशी त्यानं साहेबांना सांगितलं, की आत वायू साचला असेल, मोजायचं यंत्र बिघडलंय, दोन दिवस द्या.

साहेब म्हणाले, "पाहुण्यांना दोन दिवसांनी या म्हणू? मग तुम्हीच करा फोन."

सगळे हसले. तोही हसला आणि शिडी उतरला. तो जिवंत वर आला नाही.

पाहणी मग चार दिवस पुढे गेली. म्हणजे पुढे ढकलता येत होती. पाहुण्यांना कारण कळवलं, वीज नाही. पाहुणेहो, तुम्ही त्याच कठड्याला टेकून फोटो काढलेत. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही विचारलंही नाहीत.

साहेबांच्या सहीच्या ज्या वार्षिक अहवालाला बक्षीस मिळालं, त्यात लिहिलंय, अपघात शून्य. मी साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तो ठेकेदाराचा माणूस. आपल्या पटावर नव्हता."

नऊ वर्षं आपलं पाणी स्वच्छ करणारा माणूस आपला नव्हता? मग ते स्वच्छ पाणी तरी आपलं कसं?

साहेबांना आज संध्याकाळपर्यंत सहीचा अधिकार आहे. शून्याच्या जागी एक लिहावं, एवढंच माझं मागणं. दुरुस्तीचं पत्र मी टाइप करून आणलं आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला.

साहेब, पेन आहे ना?